दोन लॅबमधली रेघ

रक्त द्यायला जायच्या दिवशी मी पिशवीत ठरलेल्या वस्तू भरते: मागचा रिपोर्ट, पाण्याची बाटली, मुलीचा पुढून उघडणारा स्वेटर आणि काहीतरी खारट. डोक्यातून काढायचा स्वेटर असला की थंडीत ती बाहीतच अडकते, हात गार पडतो आणि शीर सापडत नाही. पाणी प्यालेलं असलं की शीर लवकर मिळते. सुई निघाल्यावर गोड दिलं तर तिला मळमळतं, म्हणून खारट. पहिलं वर्षभर मी तिला उपाशीपोटी नेत होते. तसं कुणी सांगितलं नव्हतं. रक्त म्हटलं की उपाशी, एवढंच आमच्या घराला माहीत. शेवटी तिनेच एकदा डॉक्टरांना विचारलं, "इसके लिए खाली पेट आना ज़रूरी है?" डॉक्टर म्हणाल्या, "किसने बोला?" तिने माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून आम्ही पोहे खाऊन जातो.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, नववीत शिकते आणि तिला ल्यूपस आहे. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा या आजारात आपल्याच अवयवांना परकं समजायला लागते. दोन वर्षांपूर्वी तिची बोटं आणि गुडघे दुखायला लागले, दोन्ही गालांवर लाल चट्टा आला, ताप हटेना. डेंग्यू, टायफॉइड, सांध्यांचा ताप अशी एकेक नावं आम्ही खोडत गेलो. खरं नाव सापडलं त्या दिवशी मी रडले वगैरे नाही. तिला दाखल करायचं होतं, सासूबाईंना नागपूरहून बोलवायचं होतं, ऑफिसात रजा टाकायची होती. रडणं यादीत होतं, पण बरंच खाली.

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी तपासण्या. त्यातल्या तीन आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहेत. एक म्हणजे स्वतःच्याच डीएनएविरुद्ध तयार होणारी अँटिबॉडी. तिचं नाव लांब आहे, आम्ही नुसतं 'डीएस' म्हणतो. दुसरं सी-थ्री, रक्तातलं एक प्रथिन. आजार खवळला की ते वापरलं जातं आणि कमी दिसतं. तिसरी लघवी, मूत्रपिंडातून प्रथिन गळतंय का ते बघायला. डीएस खाली, सी-थ्री वर आणि लघवी स्वच्छ, असं असलं की आमचे तीन महिने चांगले जातात.

या तिन्हींवर स्टेरॉइडचा डोस ठरतो, आणि आमच्या घरात खरा प्रश्न डोसचाच होता. पहिल्या वर्षी डोस मोठा होता. त्याने आजार आवरला, पण तिचा चेहरा इतका सुजला की पुण्याच्या भावंडांशी व्हिडिओ कॉल असला की ती कॅमेरा बंद ठेवायची. वर्गात तिला 'गोलू' म्हणत. शिक्षकांनी रागावून ते बंद केलं, तर मुली तिच्याशी एवढ्या जपून बोलायला लागल्या की ती म्हणाली, "आई, गोलूच बरं होतं." मग डोस हळूहळू उतरत गेला आणि तिचा चेहरा परत आला. आधी जबड्याची कड दिसली, मग डोळे मोठे झाले, मग एक दिवस बाबाकडून आलेलं नाक. गेल्या दिवाळीत तिने आपण होऊन फोटो काढून घेतला. अर्ध्याअर्ध्या गोळीने अजून खाली यायचं होतं.

त्याच सुमारास आम्ही घर बदललं. मी केंद्र सरकारच्या एका खात्यात आहे. बरीच वर्षं दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहून आम्ही नोएडात स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. नवीन घराची माझी एक मोठी यादी होती आणि तिच्यात एक ओळ होती, 'जवळची लॅब.' आतापर्यंत रक्त हॉस्पिटलच्या लॅबमध्ये द्यायचो. त्यात अख्खी सकाळ जायची आणि तिची शाळा बुडायची. आमच्या सेक्टरमधली लॅब घरी माणूस पाठवते, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट फोनवर. निर्णय मीच घेतला आणि सोयीच्या दृष्टीने आजही त्यात मला काही खोट दिसत नाही.

तिथे पहिल्यांदा रक्त दिलं, त्याचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मी मीटिंगमध्ये होते. डीएसचा आकडा लाल, आणि मागच्या वेळच्या चौपटीहून जास्त. सी-थ्री आणि लघवी त्या पॅकेजमध्ये नव्हतंच, दोन्ही मी मागवायला विसरले होते. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन घरी सासूबाईंना फोन लावला; आजारपणात आल्या त्या तेव्हापासून आमच्याकडेच आहेत. "आई, ती शाळेतून आली की अंगाला हात लावून बघा. ताप आहे का, पाय सुजलेत का. तिच्या अँटिबॉडी खूप वाढल्यात."

संध्याकाळी घरी पोचले तर लिफ्टमधून बाहेर पडताच तुपाचा वास. सासूबाई शिरा परतत होत्या.

"आज काय विशेष?"

"अगं, विशेष काय विचारतेस? तूच नाही का फोनवर म्हणालीस, अँटिबॉडी खूप वाढल्या म्हणून! करोनानंतर ह्यांच्या वाढल्या तेव्हा डॉक्टरांनी अभिनंदन केलं होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई तर आपला रिपोर्ट घेऊन जिन्यात सगळ्यांना दाखवत होत्या."

मुलगी डायनिंग टेबलवर गणितं सोडवत होती. तिने पेन खाली ठेवलं. "आई, किती?"

मी फोन पुढे केला. तिने आकडा बघितला, फोन मला परत दिला आणि आजीकडे वळली. "आजी, या त्या वाल्या अँटिबॉडी नाहीयेत."

"मग कसल्या?"

"समज, आपल्या गेटवरच्या गार्डचं डोकं फिरलं. चोराला तो सोडून देतो आणि रोज तुलाच थांबवतो. तू भाजी घेऊन येतेस, तर म्हणतो, कौन हो, किसके घर जाना है. आणि नुसतं थांबवत नाही, काठी पण मारतो."

"त्याला आधी कामावरून काढा!"

"माझ्या गोळ्या तेच करतात. पण सगळ्याच गार्डना काढलं तर खरा चोर आल्यावर काय? म्हणून मग मी गर्दीत मास्क लावते."

"म्हणजे आता असले वेडे गार्ड वाढलेत?"

"रिपोर्टप्रमाणे, बिल्कुल."

सासूबाईंनी गॅस बंद केला. "अगं बाई. मग आता या शिऱ्याचं काय करू?"

"खाऊया ना यार. शिऱ्याने काय केलंय?"

"मला यार म्हणू नकोस," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तिला मोठी वाटी भरून दिली.

माझा नवरा मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीचं काम बघतो. कंपनीच्या बसने तो घरी येईपर्यंत आमचं जेवण झालेलं असतं. त्याचं ताट वाढता वाढता मी सगळं सांगितलं आणि लॅपटॉपवरचा आलेख दाखवला. पहिल्या तपासणीपासूनचे सगळे आकडे मी त्यात भरले आहेत. दीड वर्ष खाली उतरत आलेली निळी रेघ शेवटच्या ठिपक्याला एकदम भिंतीसारखी उभी राहिली होती.

त्याने पोळीचा तुकडा तोडला. "लॅब कुठली?"

"नवी. आपल्या सेक्टरमधली."

"मग? आमच्याकडे मोजायचं गेज बदललं की जुन्या रीडिंगशी तुलना करायची नाही असा नियम आहे. आधी तोच पार्ट दोन्ही गेजवर मोजायचा."

"माझ्या मुलीला पार्ट म्हणू नकोस."

"पार्ट नाही म्हणत. गेजबद्दल बोलतोय."

मला ते पटलं नाही. माझ्या मते रक्त एकच, अँटिबॉडी एकच, तर आकडाही एकच यायला हवा. मी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांच्या क्लिनिकला मेसेज केला, त्याच आठवड्यातली वेळ मिळाली.

मधले दिवस मी जे जे करता येईल ते केलं. मीठ कमी केलं. शाळेच्या बाईंना चिठ्ठी दिली. सकाळी तिच्या पायाला बोटाने दाबून खड्डा पडतोय का बघायला लागले, तेव्हा ती म्हणाली, "आई, मी पीठ नाहीये." खड्डा पडत नव्हता. ताप नव्हता, तोंडात फोड नव्हते, सकाळी बोटं आखडत नव्हती. मी हेही सगळं लिहून ठेवलं, पण लाल आकड्यापुढे त्याला वजन वाटत नव्हतं.

हॉस्पिटलला निघालो त्या दिवशी मेट्रोत आम्हाला शेजारी जागा मिळाली. यमुना ओलांडताना ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "डोस वाढला तर मी शाळेत जाणार नाही."

"असं काय बोलतेस?"

"खरं तेच बोलतेय. घरून अभ्यास करीन, परीक्षेला जाईन. पण तो चेहरा घेऊन परत त्या वर्गात नाही. आत्ता कुठे सगळ्या विसरल्यात."

मी तिला औषधाचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. तिने थांबवलं. "मला माहितीये, आई. किडनी वाचवायची असते. मी गोळी घेणार नाही असं म्हणतच नाहीये. शाळेत जाणार नाही म्हणतेय." मी पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिच्या हातात दिली.

या ओपीडीच्या बाहेर एक मोकळं अंगण आहे. थंडीत अख्खी दिल्ली ऊन शोधत असते, आणि आमची मुलं सावली शोधतात, कारण उन्हाने त्यांचा आजार चाळवतो. आईवडील उन्हातल्या बाकांवर आणि पोरं भिंतीच्या कडेला, टोप्या घालून. नवीन आलेल्या माणसाला वाटेल की मुलांना शिक्षा केली आहे.

नंबर आला. डॉक्टर साधारण माझ्याच वयाच्या आहेत, बोलतात भराभर. मी आलेखाचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो नीट बघितला. मग शेवटच्या ठिपक्याकडे बोट नेऊन विचारलं, "ये टेस्ट कहाँ हुआ?"

मी लॅबचं नाव सांगितलं.

त्यांनी पेन उचललं आणि माझ्या निळ्या रेघेवर, शेवटच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये, दोन तिरक्या रेघा मारल्या. "ये लाइन मत जोड़िए. दोनों लैब का तरीका अलग है, किट अलग है, नापने का पैमाना अलग है. इनका दो सौ हमारा दो सौ नहीं होता."

"मतलब रिपोर्ट ग़लत है?"

"रिपोर्ट सही होगी, अपनी जगह. तुलना ग़लत है." त्यांनी कागद बाजूला सारला. तेवढ्यात मुलगी मला मराठीत म्हणाली, "आणि हा डीएस एकटा काही सांगत नाही," हळूच, जणू परीक्षेत उत्तर सुचवतेय.

डॉक्टर हसल्या. "क्या कहा इसने?"

मी सांगितलं.

"तो फिर मैं इसी से बात करती हूँ. मम्मी, आप थोड़ी देर बाहर बैठिए."

दोन वर्षांत मला कुणी बाहेर बसवलं नव्हतं. फाइल माझ्याकडे, औषधांची नावं माझ्याकडे, तिला कधी काय झालं ते सगळं माझ्याकडे. मी फाइल टेबलावर ठेवायला गेले तर डॉक्टर म्हणाल्या, "वो भी ले जाइए." मी फाइल घेऊन बाहेर आले.

उन्हातल्या बाकावर एक गृहस्थ बसले होते. त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी समोर भिंतीपाशी खडूने घरं आखत होती. माझ्या हातातली जाड फाइल बघून त्यांनी विचारलं, "आपकी बच्ची का एएनए नेगेटिव हुआ क्या?"

एएनए ही सगळ्यात पहिली तपासणी. ती पॉझिटिव्ह आली की ल्यूपसची शंका येते आणि पुढच्या तपासण्या सुरू होतात. सुरुवातीला मीसुद्धा ती निगेटिव्ह होण्याची वाट बघत होते. "नहीं हुआ," मी म्हणाले. "और अब हम करवाते भी नहीं."

त्यांचा चेहरा पडला. "हम तो हर महीने करवाते हैं. हर बार पॉज़िटिव. इसकी माँ हर बार रोती है."

"भाईसाहब, वो बहुत करके पॉज़िटिव ही रहता है. बच्ची ठीक हो तब भी. उससे दवा घटती-बढ़ती नहीं. अंदर जाकर पूछ लीजिए कि इसे दोहराना है क्या."

त्यांनी दोनदा विचारलं, "ठीक हो तब भी?" मी दोनदा हो म्हटलं. मग त्यांनी खिशातून फोन काढला, थोडे दूर गेले आणि बायकोशी बोलायला लागले. बोलताना ते हात हवेत हलवत होते. त्यांची मुलगी खडू टाकून त्यांच्याकडे बघत होती. मी माझी फाइल उघडली आणि बंद केली. आत काय चाललंय याचा अंदाज बांधायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

मला परत बोलावलं तेव्हा मुलगी खुर्चीत पुढे सरकून बसली होती. काय बोलणं झालं ते मला कुणी सांगितलं नाही, आणि तिने आजपर्यंत सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी फक्त ठरलं ते सांगितलं. आजच रक्त इथल्या लॅबमध्ये द्यायचं, डीएसबरोबर सी-थ्री आणि लघवीही. सी-थ्री आणि लघवी ठीक आली तर डोस वाढणार नाही. नंतर दर आठवड्याला घरी लघवीची पट्टी तपासायची, ते काम मुलीचं. दीड महिन्याने सगळं पुन्हा, पण याच लॅबमध्ये. "और रिपोर्ट का मैसेज इसके फ़ोन पर भी जाएगा. पहले ये पढ़ेगी."

"ये तो अभी छोटी है," मी म्हणाले.

"तभी तो अभी से," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या नंबरची घंटी वाजवली.

त्या रात्रीचा रिपोर्ट मुलीने सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. डीएस मागच्या वेळेपेक्षा वर होता, पण थोडाच. ती भिंत कुठेच नव्हती. सी-थ्री हद्दीत. लघवी स्वच्छ. क्लिनिकचा निरोप आला, डोस आहे तोच ठेवा. म्हणजे अगदी काहीच नव्हतं असंही नाही, आणि मला भीती होती तसंही नाही. अशा अधल्यामधल्या उत्तराची मला सवय नाही. माझ्या यादीत एखाद्या गोष्टीपुढे खूण असते किंवा नसते. नवरा 'गेज' हा शब्द उच्चारायच्या बेतात होता, माझ्याकडे बघून त्याने ताक मागितलं.

पट्ट्यांचं काम तिने मनावर घेतलं. दर रविवारी सकाळी बाथरूमच्या दिव्याखाली उभी राहून ती पट्टीचा रंग डबीवरच्या रंगांशी जुळवायची. सासूबाईंची एकच अट होती, तो कप स्वयंपाकघराच्या दिशेला फिरकता कामा नये. पिवळा म्हणजे ठीक, हिरवट म्हणजे प्रथिन. पहिल्या रविवारी मी दाराशी उभी राहिले. "काय आलं?"

"पिवळा."

"नीट बघितलंस? जरा दाखव."

"आई, पिवळा मला कळतो."

दुसऱ्या रविवारी मी दाराशी गेले नाही, पण भांडी मुद्दाम जोरात आपटली. तिसऱ्या रविवारी मी खरोखरच विसरले, आणि दुपारी आठवल्यावर विचारलं तर ती म्हणाली, "पिवळाच आहे, सकाळीच लिहिलं मी." शाळेतही ती नेहमीसारखी जात होती. खेळाच्या तासाला तिला गुण मोजायला सावलीत बसवतात. ती म्हणते, पंच म्हणून तिची दहशत आहे.

दीड महिन्याने आम्ही हॉस्पिटलच्या लॅबमध्ये परत गेलो. सकाळ गेली, शाळा बुडाली. तिने डावा हात पुढे केला, "इधर वाली अच्छी है," असं शीर दाखवत सांगितलं आणि सुई जाताना माझ्याशी परीक्षेच्या वेळापत्रकाबद्दल बोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात होते. माझ्या फोनवर लॅबचा मेसेज येऊन पडला होता. 'पहले ये पढ़ेगी' असं ठरलं होतं, म्हणून मी फोन ड्रॉवरमध्ये ठेवला. मग काढला. मग परत ठेवला आणि एक जुनी फाइल समोर ओढली, तिचं पहिलं पान तीनदा वाचलं. शाळेची बस तिला सोडते त्या वेळेनंतरही फोन वाजला नाही. शेवटी वाजला.

"आई, ऐक ना, फिज़िक्सचा पेपर फारच लांब होता. शेवटचा प्रश्न कुणाचाच झाला नाही. मॅम म्हणाल्या, ग्रेस देतील बहुतेक."

"बरं. आणि?"

"आणि काय?"

"अगं, रिपोर्ट!"

"हां, तो. तो मी बसमध्येच बघितला. डीएस मागच्यापेक्षा खाली आलाय, सी-थ्री ओके, लघवी ओके. मी क्लिनिकला पाठवला, त्यांचं उत्तर पण आलं. उद्यापासून अर्धी गोळी कमी."

मी खुर्चीत मागे टेकले. "बसमध्ये बघितलास? मग मला तेव्हाच फोन का नाही केलास?"

"बसमध्ये किती आवाज असतो, आई. आणि मैत्रिणी होत्या. त्यांनी विचारलं काय बघतेस, मग त्यांना ते गार्डवालं सगळं समजावून सांगितलं. त्यात आपला स्टॉप आला." मागे सासूबाई काहीतरी विचारत होत्या, तिने त्यांना "हो आजी, कमी" असं ओरडून सांगितलं. मग मला म्हणाली, "येताना पिल-कटर आण ना. सुरीने अर्धी करताना चुरा होतो, आणि आता रोज करायचीये."